गिटारच्या कॉर्डचा हिशेब

एप्रिल जवळ आला की काळाचौकीपासून शिवडी-नायगावपर्यंत आपल्या वस्त्यांतून रात्री उशिरापर्यंत भीमगीतांच्या तालमी ऐकू येतात. पूर्वी पेटी, ढोलकी, झांज आणि फार तर बेंजो एवढ्यावर काम भागत असे. पुढे कीबोर्ड आला. आता स्टेजवर एखादा मुलगा, आणि अलीकडे एखादी मुलगीही, गळ्यात गिटार अडकवून उभी दिसते. घरात त्याचे कौतुक होते, तशी कुरकुरही होते. आजोबा म्हणतात, “हे साहेबी खूळ कशाला? पेटी शीक, कामाला येईल.” आई म्हणते, “क्लासची फी भरायची, वर गिटार घ्यायची, आणि शेवटी वाजवणार काय, तर सिनेमाची गाणी!”

आजोबांना एवढेच सांगावेसे वाटते की पेटीसुद्धा साहेबाच्याच मुलखातून आली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. तरी आज पेटीला परकी कोण म्हणेल? खुद्द बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. वाद्याला जात नसते, देशही नसतो. ज्याने ते हाती धरले त्याचे ते.

आईच्या तक्रारीत मात्र तथ्य आहे. आपली मुले गिटार वाजवतात ती बहुधा नक्कल करून. मोबाईलवर गाण्याचे नाव टाकले की शब्दांच्या डोक्यावर कॉर्डची नावे लिहिलेली मिळतात. जिथे जी लिहिले तिथे जी, जिथे सी लिहिले तिथे सी. का, ते विचारायचे नाही. हिंदी-इंग्रजी गाण्यांपुरते हे चालून जाते. पण वामनदादा कर्डकांचे गाणे समोर आले, किंवा वस्तीतल्या एखाद्या कवीने काल रात्री लिहिलेले गाणे आले, की हात थांबतो. कारण त्याच्या कॉर्ड कुणी लिहून ठेवलेल्या नसतात. दुसऱ्याने लिहून दिल्याशिवाय जे वापरता येत नाही, त्याला विद्या कसे म्हणावे?

वाचकहो, ही विद्या वाटते तेवढी अवघड नाही. ज्याला सा रे ग म ठाऊक आहे आणि बारापर्यंत मोजता येते, त्याला ती येऊ शकते. आम्ही पडलो कारकुनी पेशाची माणसे, म्हणून हिशेबाच्याच रीतीने ती येथे मांडतो.

कॉर्ड म्हणजे काय?

पेटीवर एका सप्तकात बारा पट्ट्या असतात, सात पांढऱ्या आणि पाच काळ्या. गिटारच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. बोट एक फ्रेट पुढे सरकले की सूर पेटीच्या एका पट्टीइतका चढतो. बारा फ्रेट सरकले की तोच सूर वरच्या सप्तकात मिळतो. म्हणजे पेटी आणि गिटार यांचा हिशेब एकच, नावे तेवढी वेगळी. पेटीवाला ज्याला पांढरी एक म्हणतो त्याला गिटारवाला सी म्हणतो. पांढरी दोन म्हणजे डी, तीन म्हणजे ई, चार एफ, पाच जी, सहा ए आणि सात बी. गिटारच्या सहा तारा मोकळ्या छेडल्या तर जाड तारेकडून ई, ए, डी, जी, बी, ई असे सूर लागतात.

एक सूर वाजला तर तो सूर. ठरावीक तीन सूर एकदम वाजले तर ती कॉर्ड. सगळ्यांत सोपी कॉर्ड म्हणजे सा, ग आणि प. घरात पेटी असेल तर पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी पाच एकदम दाबून पाहा. ही झाली सी मेजर. आता मधले बोट पांढऱ्या तीनवरून उचलून शेजारच्या काळ्या दोनवर ठेवा, म्हणजे शुद्ध ग ऐवजी कोमल ग. ही सी मायनर. पट्टी एकच बदलली, पण घर उजेडातून सावलीत गेल्यासारखे वाटते. मेजर कॉर्ड ठाम आणि मोकळी, मायनर हळवी. गणित असे की सा पासून शुद्ध ग चार पट्ट्यांवर, कोमल ग तीन पट्ट्यांवर आणि प सात पट्ट्यांवर. गिटारवर सहा तारा छेडल्या तरी वाजतात हेच तीन सूर, कुठला खालच्या तर कुठला वरच्या सप्तकात.

तीन कॉर्ड, सात स्वर

आता पुढची पायरी. शुद्ध सप्तकातल्या प्रत्येक स्वरावर एक सोडून एक स्वर घेत कॉर्ड उभी करा आणि त्यांना नंबर द्या.

एक म्हणजे सा-ग-प. दोन म्हणजे रे-म-ध. तीन म्हणजे ग-प-नि. चार म्हणजे म-ध-सा. पाच म्हणजे प-नि-रे. सहा म्हणजे ध-सा-ग. सात म्हणजे नि-रे-म.

पट्ट्या मोजून पाहिल्या तर एक, चार आणि पाच या मेजर निघतात. दोन, तीन आणि सहा मायनर निघतात. सातवीला डिमिनिश्ड म्हणतात. ती आखडलेली असते आणि सुरुवातीला तिच्यावाचून काही अडत नाही.

आता एक, चार आणि पाच यांतले स्वर एकत्र लिहून काढा. सा, ग, प, म, ध, सा, प, नि, रे. सातही स्वर आले! म्हणजे शुद्ध स्वरांतली कोणतीही चाल असो, तिचा प्रत्येक स्वर या तीन कॉर्डपैकी एकीत तरी सापडतोच. “तीन कॉर्डवर गाणे होते” असे वादक म्हणतात, त्याचे कारण हे.

नंबर घालण्याचा दुसरा फायदा आपल्या स्टेजवर लगेच कळतो. गायक ऐनवेळी सांगतो, “आज आवाज बसलाय, काळी चारमधून घे.” नक्कल करणारा घाबरतो, नंबर जाणणारा नाही. पांढऱ्या एकचे एक-चार-पाच म्हणजे सी, एफ, जी. पांढऱ्या दोनचे डी, जी, ए. पांढऱ्या पाचचे जी, सी, डी. आणि काळी चार हवी असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो नावाचा चिमटा लावून पांढऱ्या पाचचेच हात धरायचे. सूर आपोआप एक पट्टी चढतात.

ओढ आणि मुक्काम

कॉर्ड एकामागून एक कोणत्या क्रमाने यावी, त्या रांगेला प्रोग्रेशन म्हणतात. ही रांग मनाला येईल तशी लावता येत नाही का? येते. पण कानाचाही एक जमाखर्च असतो. एक नंबर हे घर. तिथे गाणे निवांत बसते. चार नंबर म्हणजे उंबऱ्याबाहेर पडणे. पाच नंबर म्हणजे उधारी. तिच्यात नि आहे आणि नि हा सा पासून एकाच पट्टीवर असल्यामुळे तो सा कडे ओढ घेतो. पाच नंबरमध्ये आणखी एक स्वर, म, मिळवला तर तिला सेव्हन्थ म्हणतात. मग नि वर सा कडे ओढतो आणि म खाली ग कडे. दोन्ही बाजूंनी तगादा लागला की गाणे घरी परतते आणि खाते मिटते. पाच नंबरवर गाणे थांबवून पाहा, ऐकणारा अस्वस्थ होतो.

एक-चार-पाच-एक ही सर्वांत जुनी आणि भरवशाची रांग. एक-सहा-चार-पाच ही मागच्या शतकातल्या पन्नाशीच्या दशकात अमेरिकेतल्या गाण्यांनी गाजवली. एक-पाच-सहा-चार ही आजच्या तरुण गाण्यांत जागोजागी भेटते. या रांगांवर कुणाची मालकी नाही. चाल आणि शब्द कवी-संगीतकाराचे असतात, कॉर्डची रांग मात्र नळाच्या पाण्यासारखी सगळ्यांची.

ही विद्या मुंबईत कुणी आणली?

हिंदुस्थानी संगीत एका वेळी एका सुराची वाट चालते. अनेक सूर एकदम उभे करण्याची रीत आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आली ती गोव्यातून. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. हीच मुले पोटासाठी मुंबईला आली, धोबी तलाव-गिरगावच्या कुडांत, म्हणजे गाववार खोल्यांत, दाटीवाटीने राहिली. गिरणगावात कोकण-घाटावरची माणसे गाळ्यात दहा-पंधरा जण राहत, तसाच हा प्रकार.

यांपैकी कित्येक जण सिनेमाच्या वाद्यवृंदात शिरले. संगीतकार पेटीवर चाल सांगे आणि गोव्याचा संयोजक तिच्याखाली कॉर्ड लिहून पन्नास वादकांपुढे कागद ठेवी. पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या ‘अलबेला’तला ठेका ज्यांच्या साथीने रंगला, त्यांत ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट होते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसोझा होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त ज्या नावाचे गाणे आहे ते याच गुरूचे नाव. पण अशा संयोजकांची नावे पडद्यावर क्वचित आली. काम त्यांचे, नाव दुसऱ्याचे. कष्टकरी माणसाला हा हिशेब नवा नाही.

आम्ही हे सांगतो ते एवढ्यासाठी की कॉर्डची विद्या ही काही बंगल्यात राहणाऱ्यांची मिरास नाही. या शहरात ती खोलीत दाटीने राहणाऱ्या, रोजंदारीवर वाजवणाऱ्या माणसांच्या हातून आली.

बारा मापांचे दुःख

समुद्रापलीकडचे उदाहरण याहून बोलके आहे. अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरीतून सुटलेल्या, पण अपमानातून न सुटलेल्या काळ्या मजुरांनी ब्लूज नावाचे गाणे घडवले. त्याची कॉर्डची रांग बारा मापांची असते. पहिली चार मापे एक नंबर, मग दोन मापे चार नंबर, पुन्हा दोन मापे एक नंबर, मग एक माप पाच, एक माप चार आणि शेवटची दोन मापे एक. बस्स. कॉर्ड त्याच तीन. त्यांवर एका जमातीने आपले दुःख आणि आपली थट्टा दोन्ही उभे केले आणि पुढे रॉक संगीताचा पाया त्यावरच पडला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली तेव्हा आपल्या तरुणांनी नाव घेतले ते याच काळ्या बांधवांच्या ब्लॅक पँथरवरून. त्यांचे नाव आपण घेतले, त्यांच्या गाण्याचा हिशेब मात्र घ्यायचा राहिला.

आता तोही घेतला जात आहे. मुंबईत कबीर शाक्य यांनी २०११ साली धम्म विंग्स हा बौद्ध रॉक बँड उभा केला. चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकाराने २०१७ साली कास्टलेस कलेक्टिव्ह हा ताफा तयार झाला आणि त्याने तिथल्या वस्तीतल्या गाना गायकीला गिटार व रॅपची जोड दिली. दोन्हीकडे आशय आपला आणि साथीला गिटार.

आपल्या चालीला कॉर्ड लावायची रीत

आता प्रत्यक्ष काम. शुद्ध स्वरांतले एखादे गाणे घ्या आणि एक वही घ्या.

पहिले काम, सा शोधणे. गाणे संपते तो स्वर बहुतेक वेळा सा असतो. पेटीवर तो कोणत्या पट्टीवर आहे ते लिहा.

दुसरे काम, मुक्काम शोधणे. प्रत्येक ओळ कोणत्या स्वरावर टेकते ते ऐका. मधल्या हरकतींकडे लक्ष देऊ नका. मुरकी घेताना गायक दहा स्वरांना शिवतो, पण टेकतो एकावरच.

तिसरे काम, त्या स्वराला सामावून घेणारी कॉर्ड निवडणे. समजा, चार ओळी अनुक्रमे ग, रे, ध आणि सा वर टेकतात. ग आहे एक, तीन आणि सहामध्ये. रे आहे पाच आणि दोनमध्ये. ध आहे चार, दोन आणि सहामध्ये. सा आहे एक, चार आणि सहामध्ये. मग एक-पाच-चार-एक ही एक रांग झाली. पांढऱ्या पाचमध्ये ती जी, डी, सी, जी अशी वाजेल आणि गाणे मिरवणुकीत शोभेल असे ठाम होईल. आता त्याच चालीला सहा-दोन-चार-एक लावा, म्हणजे ई मायनर, ए मायनर, सी, जी. चालीचा एक स्वर बदलला नाही, शब्द तेच राहिले, पण आता तेच गाणे सहा डिसेंबरच्या रात्री चैत्यभूमीच्या रांगेत गुणगुणावे असे वाटू लागेल. हीच निर्मिती. कोणत्या ओळीला उजेड द्यायचा आणि कोणत्या ओळीला सावली, हे ठरवणारे तुम्ही.

चौथे काम, ताल. कॉर्ड बदलायची ती शक्यतो समेवर. केरव्यात आठ मात्रांना एक कॉर्ड पुरते, दादऱ्यात सहा मात्रांना. दर मात्रेला कॉर्ड बदलणारा वादक गाण्याला चालू देत नाही, रस्त्यात उभा राहतो.

पाचवे आणि मुख्य काम, कानाला विचारणे. हिशेब जुळला तरी कान नाही म्हणाला तर कानाचे ऐका.

भैरवी-काफीचे काय?

येथे एक इशारा दिला पाहिजे. आपल्या पुष्कळ चाली शुद्ध स्वरांत नसतात. कोमल ग आणि कोमल नि असलेल्या काफीच्या स्वरांत एक नंबर मायनर होतो, चार मेजर राहतो आणि पाचही मायनर होतो. पांढऱ्या दोनमध्ये डी मायनर, जी, ए मायनर आणि सोबतीला कोमल नि वरची सी मेजर, एवढ्यावर काफीची चाल छान बसते.

भैरवीत तर रे, ग, ध, नि चारही कोमल. तिथे प-नि-रे ही कॉर्ड आखडते, म्हणजे पाच नंबरची नेहमीची उधारी तिथे चालत नाही. मग घरी परतायला कोमल रे वरची मेजर कॉर्ड उपयोगी पडते. पांढऱ्या तीनमध्ये ई मायनर, एफ, ए मायनर, डी मायनर असा संच होतो आणि एफवरून ई मायनरवर उतरले की भैरवी पोहोचली असे वाटते. हे न समजता कुणी भैरवीच्या गाण्याला सरसकट सी-एफ-जी लावले तर गाण्याचा गळा दाबल्यासारखे होते. “गिटारने आपल्या चाली बिघडतात” ही जुन्या गायकांची तक्रार अशाच वाजवण्यामुळे खरी ठरते. बिघडवते ते अर्धवट ज्ञान. आणि जिथे एकाच आलापीत गायक रमला आहे, तिथे नुसते सा आणि प धरून ठेवावे. गप्प राहणे हेही साथीचेच काम आहे.

पालकांसाठी चार शब्द

सुरुवातीला महागडी गिटार घेऊ नका. साधी, तारा दांडीपासून फार उंच नसलेली गिटार घ्या आणि घेताना एखाद्या जाणकाराला सोबत न्या. पहिले दोन-तीन आठवडे बोटांची टोके दुखतात. मुलगा कंटाळला असे समजू नका, कातडी टणक होऊ द्या. सी मेजरच्या घरातली एफ कॉर्ड नवख्या हाताला जड जाते, म्हणून जी, सी, डी आणि ई मायनर या चारांपासून सुरुवात करावी. सूर जुळवायला मोबाईलवर फुकट ट्यूनर मिळतो, मोबाईलचा तेवढा उपयोग जरूर करावा. आठवड्यातून एकदा तीन तासांपेक्षा रोजची वीस मिनिटे बरी. चार घरांत मिळून एक गिटार घेतली आणि विहाराच्या खोलीत ठेवली तरी चालेल. मुलींना पहिली पाळी द्या, नाहीतर त्यांची पाळी येतच नाही.

पोट भरेल का? खरे सांगायचे तर सगळ्यांचे भरणार नाही. शिकवण्या, ऑर्केस्ट्रा, रेकॉर्डिंग यांवर थोडे जण उभे राहतात आणि त्यांतही टिकतो तो नंबर समजणारा, नक्कल करणारा नव्हे. म्हणून शाळा-कॉलेज सोडून गिटार नको, शाळा-कॉलेजबरोबर गिटार हवी.

पण पोटापलीकडचाही एक हिशेब आहे. गिरण्या गेल्या, चाळी पडून टॉवर उठू लागले, आणि काळाचौकीच्या गल्लीगल्लीत ज्यांनी चाली बांधल्या त्या गायकांपैकी किती तरी जण आता हयात नाहीत. त्यांचे शब्द निदान छापील पुस्तकांत सापडतात. चाली मात्र माणसाबरोबर जातात. आज एखाद्या मुलीने आजोबांना गायला बसवून सा कोणत्या पट्टीवर आहे, ओळ कुठे टेकते, कोणत्या कॉर्ड लागतात एवढे वहीत उतरवले तर ती चाल पुढच्या पिढीला उचलता येईल. दोनशे पानी वही आणि एक पेन, याहून जास्त भांडवल या कामाला लागत नाही. येत्या रविवारी एका गाण्यापासून आरंभ करा.